स्वच्छ टाकीची बादली

बादलीचं कोण ऐकून घेणार म्हणा! पण मित्रांनो, मी एक जुनी, कडी वाकलेली निळी बादली आहे आणि माझ्यामुळे फार वाईट घडलं आहे.

महाविद्यालयातल्या माशांच्या खोलीत माझं काम होतं. तिथे काचेच्या दोन टाक्या होत्या. गावच्या तळ्यात काठच्या बागांतून जेवढं कीटकनाशक उतरतं, तेवढंच प्रयोग करणाऱ्या प्राध्यापक बाई एका टाकीत घालत. दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. ते रोज मी न्यायची. शिपाईमामा मला उचलताना म्हणायचे, "सांभाळून गं पोरी, सगळी भिस्त तुझ्यावर!" मी फुशारून जायची.

पंधरा दिवसांत फरक दिसू लागला. औषधाच्या टाकीतले मासे खायचे तेवढंच, पण अंगी काही लागत नव्हतं. बाई समजावून सांगत, "विष पचवण्यातच त्यांची ताकद संपते, मामा. यकृतातला साठासुद्धा जळून जातो. मग वाढायला उरणार काय?" हे तळ्याची देखभाल करणाऱ्या समितीला पटवून दिलं, की तळ्याकाठची फवारणी थांबणार होती.

पण पुढे स्वच्छ टाकीतले मासेही सुकायला लागले. बाईंनी वजनकाटा तपासला, खाद्य बदललं, नळाचं पाणी तपासलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. अहो, दर शनिवारी माळी मला न विचारता न्यायचा! गुलाबावरच्या मावा किडीचं औषध माझ्यात कालवायचा, दोनदा विसळायचा आणि गुपचूप जागेवर ठेवायचा. माझ्या ओरखड्यांत ते मुरत होतं. मला सगळं कळत होतं, पण बादलीला तोंड असून काय उपयोग?

अहवाल सोमवारी जायचा होता. त्याआधीच्या शनिवारी मामांनी माळ्याला पाहिलं.

"अरे, ही माशांची बादली!"

"धुऊन ठेवतो की मामा, चांगली!"

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. खोलीची जबाबदारी त्यांची, निवृत्तीला चार महिने राहिलेले. मला घेऊन ते बाईंच्या दारापर्यंत गेले आणि तसेच मागे फिरले. माझा जीव तीळतीळ तुटला.

बाई खोटं लिहिणाऱ्या नव्हत्या. दिसलं तेच लिहिलं: दोन्ही टाक्यांतले मासे सारखेच. समितीने फवारणी चालू ठेवली. ते ऐकून मामा रडतच बाईंसमोर उभे राहिले.

"शनिवारी का नाही बोललात, मामा? मी रागावले असते, एवढंच ना?"



आता बाईंनी प्रयोग पहिल्यापासून मांडला आहे. माशांसाठी नवी बादली आली आहे. समितीला पत्रही गेलं, पण समिती म्हणते, पुढच्या वर्षी बघू. तोवर तळ्यातले मासे खात राहतील आणि खंगत राहतील.

मित्रांनो, एवढंच विनवते. औषधाचं भांडं वेगळं ठेवा. तरीही चूक झालीच, तर ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगून टाका. बाई रागावल्या असत्या, चार दिवस मामांशी बोलल्या नसत्या, पण तो अहवाल थांबला असता आणि तळं वाचलं असतं.