खंडेनवमीचा प्लग

"अनधिकृत प्रवेश म्हणजे काय?" पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून प्रभावतीने लेकीला विचारलं.

"साळवी," स्नेहल म्हणाली.

"नीट सांग गो."

"ज्याला परवानगी नाही त्याने यंत्रणेत शिरणं. उदाहरणार्थ, साळवी."

प्रभावतीने पान उलटलं. "ह्या पुस्तकात त्या मेल्याचं नाव तरी किती वेळा येतं?"

येणारच. सर्व्हर सांभाळणं आणि नेटवर्कची सुरक्षा, या विषयाची परीक्षा स्नेहल काही ज्ञानाच्या ओढीने देत नव्हती. हर्षद साळवीला त्याच्या खुर्चीतून उठवायचं, एवढ्यासाठी ती रोज पहाटे उठून घोकत होती. नवा व्हायरस वाचला की ती त्याला साळवीचा चेहरा लावायची. मग तो व्हायरस जन्मात विसरायची नाही.

गेल्या खंडेनवमीपर्यंत ती रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत नेटवर्क बघायची आणि साळवी तिचा साहेब होता. खंडेनवमीला कोयत्यापासून रिक्षापर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी पतसंस्थेत सर्व्हरची व्हायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढ्यात नारळ. स्नेहल त्या दिवशी अर्धी रजा घ्यायची, कारण दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि वाडीतल्या विहाराची झाडलोट तिच्याकडे आणि तिच्या आईकडे असायची.

ती गेल्यावर साळवीला लायटिंगची माळ लावायची हुक्की आली. प्लगला जागा नव्हती. त्याने फायरवॉलचा, म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि आतला सर्व्हर यांच्या मधल्या राखणदार पेटीचा, प्लग उपटला. त्याने इंटरनेट बंद पडलं. मग पूजेचे फोटो संचालकांना पाठवायचे कसे? साहेबांनी बाहेरून आलेली वायर पेटीतून काढून सरळ आतल्या जोडणीत खुपसली आणि बंद पडलेल्या पेटीवर प्रसादाचं ताट ठेवलं. आरती झाली, पेढे वाटले, खोलीला कुलूप लावून सगळे दसऱ्याला घरी गेले.

सुट्टीनंतर कचेरी उघडली तेव्हा एकही खातं उघडेना. बाहेरच्या कुणीतरी आत शिरून सगळं बंद करून टाकलं होतं आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती. माळ मात्र सर्व्हरभोवती अजून लुकलुकत होती.

"नेटवर्क स्नेहलकडे आहे, आणि ती नेमकी रजेवर," साळवीने पूजेला नसलेल्या व्यवस्थापक रेडीजसाहेबांना सांगितलं. वायर कुणी काढली ते आरतीला उभ्या असलेल्या प्रत्येकाने बघितलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. स्नेहलची रवानगी हातखंब्याच्या शाखेत झाली, पासबुकं छापायला. तिथे हायवेवरचे टपरीवालेसुद्धा विचारायचे, "ताई, तुमच्याच हातून झाला ना तो घोळ?"

पुढे संचालकांनी ठरवलं, की जो ही परीक्षा पास होईल त्याच्याच हाती सर्व्हरच्या खोलीची किल्ली.

परीक्षेच्या आधी एका दुपारी साळवी स्वतः हातखंब्याला आला. घाम पुसत तिच्या काउंटरसमोर बसला.

"स्नेहल, दोनदा नापास झालो गं. आता ह्या रविवारी शेवटची संधी. ते फायरवॉलचे नियम काही केल्या डोक्यात शिरत नाहीत. जरा समजावशील?"

"रेडीजसाहेबांना खरं काय ते सांगा. समजावते."

"ते आता कशाला उकरून काढायचं? मिटलं ना सगळं."

मिटलं म्हणे. स्नेहलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आवाज चढवला नाही, उलट कोरा कागद पुढे ओढला.

"सोपं आहे, सर. नियम वरून खाली वाचले जातात. जो आधी लागू पडला तोच चालतो, खालचे कुणी बघत नाही. म्हणून सगळ्यांत कडक नियम सगळ्यांत वर. 'कुणालाही आत सोडू नये', हा पहिला."

खरं तर तो शेवटी असतो. पहिला लावला तर घरच्या माणसांनाही दार बंद. साळवीने दोन-तीनदा पुटपुटून पाठ केलं आणि खूश होऊन समोरच्या हॉटेलातून तिच्यासाठी चहा मागवला. तो चहा तिला फार गोड लागला.

परीक्षेत त्या नियमांवर प्रश्नांची रांगच लागली होती. स्नेहल पास झाली, साळवी थोडक्यात नापास झाला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. वाटलं मात्र नाही.

तिला किल्ली मिळाली आणि साळवी हातखंब्याला गेला. पण पहिल्याच दिवशी रेडीजसाहेब तिच्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "आता पुन्हा तसा हलगर्जीपणा नको हं." तिने तो पेढा टेबलावर तसाच ठेवून दिला. खुर्ची मिळाली होती, पण तिच्या नावाला लागलेला डाग होता तिथेच होता.

खंडेनवमी आली. पूजेला सगळ्या शाखांची माणसं मुख्य कचेरीत जमली. स्नेहलने यंदाही अर्धी रजा मांडली होती, पण ती निघाली नाही. सर्व्हरच्या खोलीत सगळे दाटीने उभे होते, रेडीजसाहेबांच्या हातात नारळ होता. साळवी सवयीने लायटिंगची माळ उलगडत पुढे आला.

"प्लग कुठे लावू?"

"गेल्या वर्षी कुठे लावला होतात, सर?" स्नेहलने विचारलं.

कॅशिअर राही ताटातली फुलं सारखी करत बसली.

"मी रजेवर होते. मला कसं ठाऊक असणार? दाखवा ना."

साळवीने साहेबांकडे बघितलं. साहेब त्याच्याचकडे बघत होते. त्याने हळूच बोट दाखवलं. "इथे."

"इथे तर फायरवॉलचा प्लग आहे."

"तो काढला होता."

"कुणी?"

"मी," साळवी म्हणाला.

ह्या एका शब्दासाठी तिने वर्ष काढलं होतं. आता कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. राहीने मान वर केली नाही. रेडीजसाहेबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "चला, चला. मुहूर्त टळतोय."

घंटा वाजली. स्नेहलने खणातून नवा एक्स्टेन्शन बोर्ड काढून साळवीच्या हातात दिला. "ह्यात लावा." मग आरती संपेपर्यंत ती फायरवॉलच्या प्लगवर हात ठेवून उभी राहिली.

विहारात पोहोचली तेव्हा प्रभावती पदर खोचून फरशी पुसत होती.

"बोलला काय गो तो साळवी?"

"बोलला."

"सगळ्यांदेखत कबूल केलान?"

"सगळ्यांदेखत."

"मग? काय म्हणाली माणसं?"

"मग आरती झाली."

प्रभावतीने हातातला ओला फडका पिळून लेकीकडे दिला. पायऱ्या अजून पुसायच्या राहिल्या होत्या.