दहा हजार डाव आणि एक सुनिता

मित्रांनो, लोणखेड्याच्या एका कॉलेजातला मी जुना संगणक. माझा पंखा सतत घरघरतो. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. नवा होतो तेव्हा मुलं माझ्यासाठी भांडायची. पुढे नवे संगणक आले आणि माझ्यावर धूळ साचली. संख्याशास्त्राच्या गायत्री मॅडम तेवढ्या मला विसरल्या नाहीत.

यंदा बुद्धिबळात विपरीत घडलं. धडगावकडच्या पाड्यावरून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या सुनितानं सारंगखेड्याच्या भूमिकाला हरवलं. चार डावांत तीन विजय, एक बरोबरी! भूमिकाचं रेटिंग, म्हणजे आधीच्या सामन्यांवरून ठरलेला दर्जा, कितीतरी वर होतं. स्पर्धाप्रमुख बन्सीलालभाऊ भडकले.

"हाई व्हईच शकत नही. पोर मोबाईलमा चाली देखी ऱ्हायनी व्हई!"

सुनिताचं नाव नाशिकच्या स्पर्धेला जाणाऱ्या संघातून कापलं जाणार होतं. ती माझ्या खोलीच्या दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

मॅडमनी मला दोघींची रेटिंग दिली आणि तोच सामना दहा हजार वेळा खेळायला लावला. मी तापलो. इतका एकतर्फी विजय सुनिताला जेमतेम तीस वेळा मिळाला.

"देखा, मी काय सांगस!" भाऊ म्हणाले.

माझा पंखा आणखी जोरात फिरू लागला. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न?

"भाऊ, हंगामात असे शेकडो सामने होतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांतल्या एकात तरी असं होईल का, ते विचारू."

मी सगळा हंगाम पुन्हापुन्हा खेळलो. तीनपैकी दोन हंगामांत कुणीतरी दुबळा खेळाडू असा जिंकतच होता.

"म्हनजे हिनी लबाडी करी नही?" भाऊंनी विचारलं.

"ते हा संगणक सांगू शकत नाही. पण नुसत्या निकालावरून तिला चोर ठरवता येणार नाही. मोबाईल कुणी पाहिला का?"

कुणीच पाहिला नव्हता.

सुनिता हळूच म्हणाली, "भाऊ, तीस वेळा मीच जिंकले ना? त्यातलीच ही एक."

भाऊंनी मान खाली घातली. "जाय बेटा, नाशिकले जाय."

ती गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. आता कॉलेजात पुन्हा कुजबुज आहे, "बघा, म्हटलं नव्हतं!" मित्रांनो, माझा जीव तळमळतो. एका विजयानं ती चोर ठरत नव्हती, मग एका पराभवानं कशी ठरेल? माझी धूळ पुसा, न पुसा. पण कुणावर शिक्का मारण्याआधी कुणीतरी येऊन माझं बटण दाबा.