गोजराबाईचं खरं वय

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि ग्रामसभा बसली ती भांडायलाच. वरून पाऊस समाजमंदिराचे पत्रे बडवत होता. त्यामुळे ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारा धम्मपाल काय सांगतोय ते मागच्यांना ऐकू येईना. पुढच्यांनी मागं सांगितलं: सत्तरीच्या पुढच्या माणसांना सरकार दवाखान्याचं कार्ड देतंय. मोठं आपरेशन निघालं तरी फुकट.

एवढं कानावर पडलं आणि झुंबरराव उठले. त्यांना बसून बोलता येत नसे.

"कार्ड काय चाटायचं का? गावात उपकेंद्र हाय, ते उघडतं मंगळवारी. म्हंजे ताप मंगळवारीच आला पाह्यजे! आधी हितं डाक्टर बसवा, मंग कार्डं वाटा."

"हे एक हाय आन् ते एक हाय, दादा," सरपंच लताबाई म्हणाल्या. "मिळतंय ते घ्यायचं नाय का?"

"घेतलं की तोंड बंद! सरकार म्हणंल, दिलं की तुम्हाला कार्ड, आता डाक्टर कशाला पाह्यजे?"

निम्मी सभा झुंबररावांच्या बाजूनं ओरडली, निम्मी लताबाईंच्या. खुर्चीवर बसलेली गोजराबाई मात्र कुणाच्याच बाजूनं नव्हती, ती स्वतःच्या गुडघ्यांच्या बाजूनं होती. दोन वर्षं झाली, दोन्ही गुडघ्यांनी छळ मांडला होता. निंदणीला उकिडवं बसता येत नव्हतं. गेल्याच आठवड्यात सोयाबीनमध्ये ती बसली ती बसलीच. मग लेकानं, दीपकनं, तिला उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं, खताच्या गोण्यांशेजारी. "आई, आता तू घरीच बस," म्हणाला. वाईट बोलला नव्हता तो. पण जन्मभर रानात राबलेल्या बाईला 'घरी बस' म्हणणं म्हणजे काय, ते बाईलाच ठाऊक.

"ये झुंबऱ्या!" ती खुर्चीवरनंच कडाडली. "तुला नको तर तू नको घेऊ. तुझे पाय चालत्यात. माझ्या आड येऊ नको!"

हशा झाला. झुंबरराव चिडून खाली बसले. धम्मपालनं मशीन पुढं सरकवलं, गोजराबाईनं अंगठा ठेवला. धम्मपालनं स्क्रीनकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग परत स्क्रीनकडं.

"आजी, तुमचं वय चौसष्ट दाखवतंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. आधारवर जन्म एकसष्ट सालचा."

झुंबररावांना एवढंच पाहिजे होतं. "घ्या! आमची गोजरा अजून पोरगीच हाय की! तिला शाळेत घाला!"

सभा अशी हसली की पावसाचा आवाज ऐकू येईना. गोजराबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आधार काढायला आलेल्या त्या पोरानं तेव्हा वय विचारलं होतं, आणि तिला गाईची धार काढायची घाई होती. "लिही तुझ्या मनानं," म्हणाली होती. त्यानं लिहिलं. लिहिताना तोंडाकडं बघून लिहिलं असावं. चार लोकांत ती मिरवायचीसुद्धा, बघा, मी कशी दिसते म्हणून!

"आरं बाबा, हा माझा दीपक एकोणसत्तर सालचा," ती म्हणाली. "आठव्या वर्षी पोर झालं व्हय मला?"

"मला कळतंय आजी," धम्मपाल कळवळून म्हणाला. "मशीनला नाय कळत. जन्माचा दाखला आणा, नायतर शाळेचा. आधार दुरुस्त करू, मग कार्ड."

गोजराबाईचा जन्म झाला तो गोठ्याशेजारच्या खोलीत. त्याचा दाखला कोण देणार?

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. ती ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसली होती, तेवढ्यात झुंबरराव आले. छत्री टेकून उभे राहिले. बस म्हणायची वाट बघत होते. ती तेल चोळतच राहिली.

"शाळेत घाला म्हणालो," ते शेवटी बोलले, "आन् घरी गेल्यावर डोक्यात आलं. तू गेल्ती की शाळेत. माझ्या वर्गात. तीन महिने."

गोजराबाईचा तेलाचा हात थांबला. तिचं माहेर आणि सासर एकाच गावात, वरली आळी आणि खालची आळी. शाळाही तीच.

"रजिस्टरात नाव आसंल तुझं," झुंबरराव म्हणाले. "चल."

"तुला तर कार्डच नको हाय."

"नकोच हाय. आन् मी सभेत पुन्हा तेच बोलणार. पण घ्यायचं का नाय ते तू ठरव. मशीन कोण ठरवणारं?"

गोजराबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "काठी दे ती."

शाळेत रोहिणीबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माळ्यावरनं रजिस्टरांची चळत काढली, धूळ झटकली, शिंकल्या, आणि अर्ध्या तासानं एका पिवळ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सापडलं आजी. जन्मतारीख एक जून एकोणीसशे पन्नास."

"जून कसा? मी दिवाळीतली हाय. आई सांगायची, फटाक्यात झाली म्हणून."

"तेव्हा सगळं गावच एक जूनला जन्मायचं," रोहिणीबाई हसल्या. "गुरुजींची तारीख ती. पण साल बरोबर आहे ना?" मग पुढचा रकाना वाचता वाचता त्यांनी पदर तोंडाला लावला. "शाळा सोडल्याचं कारण... 'वर्गातील मुलास पाटीने मारले.'"

झुंबररावांनी टोपी थोडी मागं सरकवली. भुवईवर एक जुना पांढरा व्रण होता.

"बैलानं मारलं, आसं सांगत आलो मी बायकोला," ते म्हणाले.

गोजराबाई आधी तोंड दाबून हसली, मग मोकळी हसली, मग डोळ्यांना पाणी आलं ते हसण्याचं का कशाचं, तिलाही कळलं नाही. "मला वाटलं, बापानंच काढलं शाळेतनं," ती म्हणाली. "पोरीची जात म्हणून."

"दाखल्यात कारण गाळू का?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"राहू द्या. माझ्यापाशी शाळेचं तेवढंच हाय."

आधार दुरुस्त व्हायला दिवाळी उजाडली. मधे दीपकनं चार खेपा घातल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा वीज. कार्ड हातात आलं आणि थंडीत नाशिकच्या एका दवाखान्यात आधी उजवा गुडघा बदलून झाला, मग डावा. पहिले आठ दिवस गोजराबाईनं कार्डालाही शिव्या दिल्या आणि डॉक्टरलाही. नंतर व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं तिला भिंतीला धरून चालवलं. मग अंगणात. मग बांधापर्यंत.

एक मेच्या ग्रामसभेला ती काठीशिवाय आली. उन्हानं रस्त्याचं डांबर चिकटत होतं. लताबाईंनी तिला पुढं बोलावलं. कार्डाचा फायदा काय झाला ते गावाला सांगा, म्हणाल्या.

गोजराबाई उभी राहिली. "कार्ड चांगलं हाय," ती म्हणाली. "ज्याला घ्यायचं त्यानं घ्या. माझे पाय त्याच्यावरच आलेत." लताबाईंनी टाळी वाजवायला हात वर केले. "पण कार्ड चालतं नाशिकला. परवा माझ्या शेजारच्या कुसाबाईला उलट्या लागल्या, तो होता शनवार. उपकेंद्राला कुलूप. टेंपोत घालून तालुक्याला, निफाडला न्यावी लागली. तव्हा झुंबरराव बोलतो ते बी खरं हाय. मला दोन्ही पाह्यजे. डाक्टर बी पाह्यजे."

झुंबरराव इतके चकित झाले, की उठायचंच विसरले. नऊ महिने भांडलेल्या दोन्ही बाजूंनी हात वर केले, आणि उपकेंद्र रोज उघडं पाहिजे असा ठराव झाला. तो तालुक्याला कोण घेऊन जाणार, यावर मात्र सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणाची द्राक्षाची छाटणी होती, कुणाच्या घरी लग्न.

"मी जाते," गोजराबाई म्हणाली. "नवे पाय काय पेटीत ठिवू?"

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत ती निघाली. ठरावाचा कागद पिशवीत, पिशवी काखेत. निफाड चार किलोमीटर. सोबतीला निघालेले झुंबरराव फाट्यापर्यंत बरोबरीनं चालले, मग मागं पडायला लागले. टोपी काढून वारा घेत त्यांनी हाक मारली.

"गोजरे! हळू चाल की जरा! गुडघा धरलाय माझा."

गोजराबाई थांबली नाही. मागं न बघताच म्हणाली, "मंग कार्ड काढ!"