दहा नॉटांवरचा पितळी दांडा

मी एक जुना पितळी दांडा आहे. 'सेरेना' नावाच्या फेरीबोटीच्या केबिनमध्ये, सुकाणूच्या उजव्या बाजूला मी उभा असतो. मला पुढे ढकललं की बोट धावते, मागे ओढलं की थांबते. काम एवढंच, पण मित्रांनो, एवढ्याशा कामापायी मी किती शाबासक्या आणि किती शिव्या खाल्ल्या, ते ऐका.

न्यू बेडफर्डच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. माझ्यावर पहिला हात पडला तो कप्तान मनुएल फुर्ताडोंचा. त्या हाताला कायम लसणाचा वास. सँडर बेटावरची माणसं ब्रँट गावच्या धक्क्यावर पोचवायची आणि संध्याकाळी परत आणायची, हा आमचा रोजचा धंदा. वाटेत एखाद्या मासेमारी बोटीला मागे टाकलं की कप्तान मला थोपटत. "शाब्बास रे माझ्या वाघा!" म्हणत. मी फुगून जाई. पितळ फुगत नाही, ठाऊक आहे मला, तरी.

मग एक नियम आला. वसंतात आमच्या उपसागरात काळे देवमासे येतात. ते पाण्याच्या वरच्या थरातच तोंड उघडून चरत हिंडतात, आणि भरधाव बोटीला ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जगात ते आता चारशेसुद्धा उरलेले नाहीत. म्हणून मार्च-एप्रिलात वेग दहा नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर, वर नाही. कप्तानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दहा? दहाने तर माझी आजी पोहायची!"

त्यांनी मला पॉलिश करणंच सोडलं. माझ्या अंगावर हिरवी पुटं चढली. मला फार वाईट वाटलं.

पुढे त्यांच्या मुलीने, डिओलिंडाने, सुकाणू हाती घेतलं. एक मार्च उजाडला की ती माझ्या दहाच्या खुणेवर तांबडी लोकर बांधायची आणि त्यापुढे मला तसूभर जाऊ द्यायची नाही. म्हातारे कप्तान मागच्या बाकावर बसून टोमणे मारत.

अशातच एप्रिलमधली ती गावसभा आली. 'सेरेना' चालू ठेवायची की बंद करायची, याचा निकाल हात वर करून लागणार होता. सभेला शंभर माणसं हवीत. साडेदहापर्यंत शंभर जमली नाहीत तर सभा मोडणार, आणि महिनाअखेरीस फेरी बंद होणार. बेटावरची चोवीस माणसं आमच्या बोटीत होती. सकाळी धुक्याने निघायलाच उशीर केला होता.

"डिओलिंडा, अगं ढकल की जरा!" टोपीवाल्या प्रूडन्सबाई म्हणाल्या. "समुद्रात कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, मावशी."

"बोट राहिली तर नियम पाळशील! बोटच गेली तर काय लोकर विणत बसणार?"

सगळे हसले. डिओलिंडा हसली नाही. तिचा तळहात घामाने ओला झाला होता, मला कळत होतं. धक्का समोर दिसत होता, मैलभरावर. तेवढ्यात मागून एक हात आला. लसणाचा वास! मी म्हटलं, झालं, आता म्हातारा मला पुढे लोटणार.

त्यांनी मला मागे ओढलं. पार मागे.

"बाबा!"

"गप. ते बघ."

समोर दोन फाट्यांचा फवारा उडाला. त्याच्या शेजारी एक छोटासा, बोबडा फवारा. आई आणि पिल्लू! पिल्लू आईच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, पुन्हा चढायचं. प्रूडन्सबाईंनी तोंडात बोटं घातली. सभा, साडेदहा, सगळं विसरून चोवीस माणसं कठड्याला चिकटली.

वायरलेसवर सभेचे अध्यक्ष एल्डन खेकसले, "कुठे मेलात? ऐंशी जण आहेत, तेही घरी चाललेत!"

"येता येत नाही, एल्डनकाका," डिओलिंडा म्हणाली. "समोर लेकुरवाळी आहे."

पलीकडे एल्डन सभेच्या माणसांकडे वळले. मग ते ओरडले, "अरे, आई-पिल्लू आलंय!"

बातमी गावभर झाली. बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावला. शाळा सुटली. वर्षानुवर्षं सभेकडे न फिरकलेली माणसं दुर्बिणी घेऊन धक्क्यावर, सभेच्या शेडपाशीच, आली. साडेदहाला अध्यक्षांनी डोकी मोजली तर दोनशे अकरा! सभा मोडायचं नाव नाही. पाऊण तासाने आई-पिल्लू खोल पाण्याकडे गेली, तेव्हा आम्ही दहा नॉटांच्या आतच राहून धक्क्याला लागलो.

सभा भरते धक्क्यावरच्या मासळीच्या शेडमध्ये, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

मनुएल उठले. "चाळीस वर्षं मी ह्याच पाण्यावरून धावलो. कितीदा समोर काळं काहीतरी दिसलं. म्हटलं, ओंडका असेल, आणि दांडा पुढेच ठेवला. ते ओंडकेच असू देत, एवढंच आता देवाला म्हणतो. बोट ठेवा. हळू जाणारी ठेवा."

बोट ठेवायच्या बाजूने हातांचं रान उठलं.

"विरोधात?"

छपरावरचा सीगल तेवढा ओरडला. "तुला मत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि शेड हास्याने दणाणून गेली. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मला स्वतःहून हलता येत नाही. धावायचं की थांबायचं, हे माझ्यावरचा हात ठरवतो. उद्या तुमच्याही हाती कुठला ना कुठला वेग येईल. तेव्हा समोर काळं काही दिसलं, तर ओंडका असेल असं म्हणू नका. आधी थांबा. ओंडकाच निघाला तर पोटभर हसा, आणि मग खुशाल पुढे जा.