ओटीचा डबा

मेला समजून मी त्याला बोटानं ढकललं. पाय पोटाशी घेऊन तो ओट्यावर तसाच पडून राहिला. मी फडकं घ्यायला वळले आणि पुन्हा बघते तर स्वारी गायब. तिळाएवढा, तांबूस, पाठ फुगलेला भुंगेरा, आणि नाटकं मात्र एवढी! साल अठ्ठ्याण्णव, महिना चैत्राचा, गाव विरार, आणि माझं डोकं फिरायची वेळ आलेली.

एखाददुसरा किडा कुणाच्या घरात नसतो? पण माझ्या घरात भाजणी होत होती. मुलगी लहान म्हणून मी ऑफिसातून लांबलचक बिनपगारी रजा घेतली होती, आणि घरात बसून करायचं काय म्हणून थालीपिठाची भाजणी करून बिल्डिंगमध्ये द्यायला लागले होते. ती लोकांना आवडली. शेजारच्या बिल्डिंगमधून मागणी यायला लागली. रजा महिनाअखेर संपत होती. पुन्हा फोर्टातलं ऑफिस धरायचं आणि पोरीला झोपेतच बघायचं, की राजीनामा देऊन भाजणीवर उभं राहायचं, हे मला ठरवायचं होतं.

आणि ते ठरणार होतं रचनावर. रचना जवळच्या वटार गावची, शेतकरी घरातली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, दीपेशनं, कळंबला समुद्राकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. न्याहारीला पाहुण्यांना गरम थालीपीठ द्यायचं तिनं मनात घेतलं होतं. नमुना खाऊन ती म्हणाली होती, "वहिनी, आमाला दर आठवड्याला लागंल भाजनी. दीपेशला इचारते नि पक्कं सांगते." तेवढं पक्कं झालं की मी ऑफिसला कायमचा रामराम करणार होते.

नेमक्या त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आशालतावहिनी माझ्या भाजणीची पिशवी दोन बोटांत धरून दारात उभ्या राहिल्या. आशालतावहिनी म्हणजे आमच्या बिल्डिंगचं महिला मंडळ. मंडळात बाकीच्या बायका होत्या, पण त्या सतरंजीवर बसायला.

"ज्ञानदा, हे बघ काय निघालं," त्या म्हणाल्या. पिशवीच्या तळाशी तोच तांबूस नाटक्या पडला होता. "आमच्या घरात हे असलं कधी नव्हतं बरं का. संक्रांतीपासनं सुरू झालंय. तुझ्या भाजणीतनंच आलं असणार. मी काही कुणाला बोलले नाही."

म्हणजे चारी मजल्यांवर सांगून झालं होतं.

कौस्तुभ, माझा नवरा, रात्री जेवता जेवता म्हणाला, "पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू. एका फवाऱ्यात काम होईल." झालं. सासूबाईंनी हातातली पळी ठेवून दिली.

"जिथे खायच्या वस्तू करतो तिथे विष? मी जिवंत असेपर्यंत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या रत्नागिरीत वर्षाचं धान्य राहायचं. कुणी फवारे मारले होते? घरचे उपाय काय कमी आहेत?"

सगळ्यात जास्त राग मला याचा आला की त्यांचं बरोबर होतं. भाजणीच्या घरात औषध मारायचं हे मलाही पटत नव्हतं. त्यामुळे मी मान हलवली, आणि स्वतःच्या हातानं स्वतःची फजिती ओढवून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून यमुनाबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, आमच्या आईंची, मोहीम सुरू झाली. अर्नाळ्याच्या रस्त्यावर एक कडुलिंब होता, त्याला त्यांनी बोडका करून सोडला. पाला सावलीत वाळवायचा म्हणून हॉलभर पसरला. मग तो प्रत्येक डब्यात गेला. रव्यात पाला, डाळीत पाला, साखरेतसुद्धा पाला. उपमा कडू, शिरा कडू. माझी पोर दूध तोंडातून बाहेर काढायला लागली. तांदळात लसूण घातली, तर भाताला लसणीचा वास. रव्यात सुक्या मिरच्या घातल्या, तर मी रवा चाळायला घेतला आणि अर्धा दिवस शिंकत बसले. तूरडाळीला एरंडेल चोळलं. उशीखाली लवंगा ठेवल्या. किडे उशीत नव्हते, पण आई म्हणाल्या, "असू देत."

मग धुरी. कडुलिंब, ओवा आणि गोवरीचा तुकडा पेटवून त्यांनी घरभर धूर केला. समोरचा फर्डिनंड पाण्याची बादली घेऊन धावत आला आणि कुठे आग लागली ते विचारायच्या आधी त्यानं ती दिवाणावर रिकामी केली. ज्या दिवशी टँकर आला नव्हता त्या दिवशी! मला गादीपेक्षा पाण्याचं वाईट वाटलं.

सासरे, आत्मारामपंत, या सगळ्यात पेपरामागे बसलेले. मधूनच पेपर खाली करून "फरक पडतोय हो," एवढं म्हणायचे आणि पुन्हा पेपर वर.

आणि फरक पडत नव्हता. मी सगळे डबे घासले, कडकडीत उन्हात गच्चीवर वाळवले, धान्य चाळलं, पाखडलं, पुन्हा भाजलं. दोन दिवस घर स्वच्छ. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की हे भोवती फिरायला हजर. कुठून येतात तेच कळेना. मला तर आता भाजणीतले जिरेसुद्धा चालताना दिसायला लागले होते. एकदा मी मोहरीचा दाणा चिमटीत धरून तो पाय हलवतो का ते बघत बसले होते, आणि कौस्तुभ दारातून माझ्याकडे काळजीनं बघत होता.

मग एका सकाळी आई देवासमोर निरांजन लावून उठल्या आणि मला दिसलं. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच, भिंतीवर फळीवर, आणि बरोबर त्याच्या खाली माझे भाजणीचे डबे. देव्हाऱ्याशेजारी एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असायचा. त्याच्या झाकणाच्या फटीतून एक भुंगेरा बाहेर आला, त्याच्या मागून दुसरा, आणि दोघं भिंतीवरून शांतपणे खाली माझ्या डब्यांकडे निघाले.

तो आईंचा ओटीचा डबा. हळदीकुंकवाला, पूजेला ओटीत मिळालेल्या सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम, सगळं त्यात जमा व्हायचं आणि दुसऱ्या कुणाची ओटी भरायची वेळ आली की त्यातूनच निघायचं. हे काही आमच्याच घरात चालत नव्हतं. ओटीची सुपारी कुणी खात नाही आणि कुणी टाकत नाही. ती या घरातून त्या घरात फिरत राहते.

मी डबा खाली घेतला. झाकण काढलं. खारकांना आरपार भोकं, हळकुंडांची चाळणी झालेली, तळाला पिवळा भुगा, आणि त्या भुग्यात अख्खं गाव वसलेलं. मी अडकित्त्यात एक सुपारी धरून फोडली. आत पीठ, आणि पिठात मेल्याचं सोंग घेऊन पडलेले चौघं.

"आई! घरातल्या मिठाच्या बरणीत पाला घातलात आणि या डब्यात नाही?"

"ते देवाचं आहे. त्याला काय होणार?" त्या म्हणाल्या. मग डब्यात डोकावल्या आणि चेहरा पडला, पण हार मानतील तर ना. "खालून आले असतील. तुझ्या भाजणीतून चढले असतील."

हे ऐकलं आणि माझा तोल गेला. "बिल्डिंग म्हणतेच आहे, आता तुम्हीही म्हणा! माझं काम बुडू दे, नोकरीत जाऊ दे मला परत, तुमच्या सुपाऱ्या सुखरूप राहू देत!"

त्यांनी डबा उचलून बाल्कनीत ठेवला आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला. मीही धरला. जेवायच्या वेळी आत्मारामपंत एकदा माझ्याकडे, एकदा आईंकडे बघत कडू आमटी मुकाट्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आशालतावहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गेलो दोघी, न बोलता. वहिनींनी गौर सुरेख मांडली होती. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आणि बायकांमध्ये रचना बसलेली! वहिनी तिच्याकडून भाजी घ्यायच्या, म्हणून बोलावणं.

रचना मला बघून हसली. "बरं झालं वहिनी भेटल्या. भाजनीचं सांगायचं व्हतं."

"भाजणी घेणार होय हिच्याकडनं?" वहिनींनी पन्ह्याचा पेला तिच्या हातात देत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "घ्या की. पण चाळून घ्या हो. आम्हाला चांगला अनुभव आलाय. सगळ्या बिल्डिंगला आलाय."

कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. रचनाचं हसू मावळलं. "म्हंजे? किडे?"

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. किडे भाजणीतले नाहीत, आमच्या सासूबाईंच्या ओटीच्या डब्यातले आहेत, एवढं एक वाक्य म्हटलं की मी सुटत होते. शेजारी आई बसल्या होत्या, नऊवारीचा काठ मुठीत घट्ट धरून. चाळीस वर्षं बायकांच्या ओट्या भरलेली बाई. या सगळ्या बायकांसमोर तिला उघडं पाडायचं? कालपर्यंत मला वाटत होतं की मी सहज पाडेन. पण तोंडच उघडेना. स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी यायला लागलं.

वहिनी ओट्या भरत आमच्यापर्यंत आल्या. आईंनी पदर पसरला. वहिनींनी तांदूळ घातले, हरभरे घातले, सुपारी घातली, आणि ताटातलं एक हळकुंड घातलं.

ते लेकुरवाळं हळकुंड होतं. मोठ्या गाठीला दोन लहान गाठी फुटलेल्या, आणि मध्ये हिरवा दोरा बांधलेला. मी ते लगेच ओळखलं. लग्न होऊन मी घरात आले तेव्हापासून ते आईंच्या डब्यात होतं. संक्रांतीला वहिनींची लेक माहेरी आली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं, म्हणून आईंनी ते जिवापाड जपलेलं हळकुंड तिच्या ओटीत घातलं होतं. वहिनींनी ते आपल्या डब्यात टाकलं होतं, आणि आज न बघता आईंच्याच पदरात परत दिलं होतं. त्याला भोकंच भोकं होती. पिवळा भुगा पदरावर सांडला आणि एक भुंगेरा तांदळांतून वर येऊन सगळ्यांच्या देखत चालायला लागला.

वहिनींनी ताट पटकन मागे घेतलं. मी मनात म्हटलं, बोला आई, आता बोला, तुमच्या डब्यातला किडा कोण बघायला येतंय! किडा यांच्या ताटातून निघालाय, आणि लेकीला दिलेला आशीर्वाद यांनी कसा ठेवला तेही दिसलंय. सांगा सगळ्यांना.

आईंनी हळकुंड उचललं.

"आशालताबाई, हे माझं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दोरा मीच बांधलेला आहे. संक्रांतीला मीच तुमच्याकडे दिलं. माझ्या डब्याला कीड लागली होती आणि मी बघितली नाही. देवाचं म्हणून बघितलीच नाही. तुमच्या घरी किडे गेले ते माझ्या हातून. भाजणीवर कीड माझ्या डब्यातूनच उतरली. माझी सून रोज डबे घासते, धान्य चाळते. तिला बोल लावू नका. मला लावा."

मला तिथेच रडू फुटलं. ज्या बाईनं इतके दिवस माझा जीव नकोसा केला होता तिनं भरल्या हळदीकुंकवात आपली मान माझ्यासाठी खाली घातली होती, आणि मी शेजारी बसून नाक पुसत होते.

वहिनी खालीच बसल्या. "अहो, तुमचं एकटीचं कसं?" त्या कशाबशा म्हणाल्या. "माझा डबा तरी मी कधी बघितला?" मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की आमच्याही खारकांना भोकं आहेत. दुसरी म्हणाली, आमच्या सुपाऱ्या तर हातात घेतल्या की हलक्या लागतात.

रचनानं पन्हं संपवून पेला खाली ठेवला. "आमची सासू, धोंडूबाय, तिच्या सुपाऱ्या तर माझ्या लग्नाआधीच्या हायत," ती म्हणाली. "घरी जाऊन पहिला तो डबा बघते. नि वहिनी, पुढच्या आठवड्यापासून भाजनी पाठवा. फक्त देव्हाऱ्याखाली ठेवू नका."

त्यावर सगळ्या हसल्या. आईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डबा घेऊन एस.टी.नं अर्नाळ्याला गेलो. देवाचं कचऱ्यात टाकायचं नाही, यावर माझाही वाद नव्हता. वाळत घातलेल्या मासळीच्या बाजूनं आई नाकाला पदर लावून पाण्यापर्यंत गेल्या आणि डबा उपडा केला. हळकुंड मात्र मुठीत राहिलं.

"माझ्या आईनं ओटीत घातलं होतं, सासरी निघताना," त्या म्हणाल्या. "तिच्यामागे तेवढंच राहिलं होतं."

हे मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी ते वहिनींच्या लेकीला देऊन टाकलं होतं. मी म्हटलं, "ठेवू या आई. उन्हात वाळवून, काचेच्या बाटलीत घालून."

"नको. कीड घरात नको. तुझी भाजणी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात मोकळा केला.

परत येताना त्यांनी एस.टी. त्या कडुलिंबापाशीच थांबवायला लावली. झाडाला नुकती कुठे कोवळी पालवी फुटत होती. आई खाली उतरून वर बघत म्हणाल्या, "थोडा पाला घेऊ या गं. असू देत डब्यात."

माझ्या जिभेवर कडू शिरा आला. पण मी पिशवी उघडून धरली.