साडेसातशे वॅटची बर्फी

मी एक पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या मागच्या कोपऱ्यात बसून भिंतीतली वीज आत सगळ्यांना वाटणारी पत्र्याची पेटी असते ना, तो मी. बोलतोय मी, पण लिहून घेणारा समर्थ आहे. त्याने शाळा नववीत सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ इकडचे तिकडे झाले असतील आणि शब्दही साधेच असतील. त्याबद्दल आधीच माफी मागतो. चुका दिसल्या तर त्या त्याच्या समजा. खोटेपणा दिसला तर तो माझा.

सध्या माझा मुक्काम अंबरनाथजवळच्या मोरिवलीत, समर्थच्या घरी, सुकटीच्या डब्यावर आहे. डब्याचं झाकण सैल आहे आणि आळीतली मांजरं हुशार आहेत, म्हणून मी झाकणावर बसतो. ही नोकरी मला कशी लागली, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका गाळ्यात झाला. गाळ्याला पाटी नव्हती. मोडीत निघालेल्या पेट्यांचं सामान काढून तिथे नव्या काळ्या पत्र्यात बसवत. माझ्या वाट्याला इतकं थोडं सामान आलं की पोट निम्मं रिकामंच राहिलं. मग मला बनूबाईंच्या टेबलावर सरकवलं. त्यांच्यासमोर ताट होतं आणि ताटात सिमेंटच्या वड्या होत्या, बर्फीसारख्या चौकोनी कापलेल्या. गिऱ्हाईक पेटी हातात तोलून बघतं, जड लागली की आत माल भरपूर आहे असं समजतं. त्यासाठी हा खाऊ.

"घे बाबा, खा," म्हणत बनूबाईंनी एक वडी माझ्या पोटात गोंदाने चिकटवली. "सहाशे ग्रॅम आहे, जन्मभर पुरेल. फक्त कुणाचं घर पेटवू नको."

वर सोनेरी स्टिकर लागलं. त्यावर सिंहाचं तोंड आणि ठळक आकडा, साडेसातशे वॅट. खरं सांगतो, अडीचशेच्या वर गेलं असतं तर मला घाम फुटला असता, आणि आमच्यासारख्यांना घाम फुटतो तेव्हा धूर निघतो. स्टिकर छापणाऱ्याने आणखी एक गंमत करून ठेवली होती. सप्लाय हा शब्द इंग्रजीत दोन पी घालून लिहितात. माझ्यावर त्याने एकच घातला. मला ते तेव्हा कळलंही नाही. मी सोनेरी दिसत होतो, तेवढ्यावर खूश होतो.

तिथून मी उल्हासनगरच्याच कॅम्प तीनमध्ये, चंदूच्या दुकानात आलो. फळीवर माझ्या शेजारी एक साडेचारशेवाला बसायचा. काळा, मुकाट, अंगावर एक चमकी नाही.

"एखादी चमकी तरी लावून घ्यायचीस," मी त्याला चिडवायचो. "लग्नाला आलायस की दहाव्याला?"

"माझ्या पोटात माझंच सामान आहे," तो एकदा म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याला चिडवणं सोडलं.

एका दुपारी दुकानात समर्थ आला, बरोबर त्याचे बाबा कमळाकर. मोरिवलीत कमळाकरदादांचा हात म्हणजे काटा. शेती होती तेव्हा ते अंबरनाथच्या बाजारात भाजी विकायचे आणि तागडी कधी नेत नसत. जमीन कारखान्यात गेली, हात राहिला. अजूनही कुणाच्या हळदीला मटण आणलं की पिशवी आधी त्यांच्या हातावर येते. ते डोळे मिटतात आणि आकडा सांगतात. मटणवाले त्यांना बघून गाडी आडोशाला लावतात म्हणे.

समर्थ गावातल्या हळदींचे व्हिडिओ मोबाईलवर जोडून द्यायचा. काम छान, पण मोबाईल तापून बंद पडायचा. त्याची मोठी बहीण प्राची बदलापूरला, कात्रपच्या एका लॅबमध्ये काम करते. तिने दिवाळीचा अख्खा बोनस घालून त्याला ग्राफिक कार्ड आणलं होतं. व्हिडिओचं सगळं अवघड काम तेच करतं. ते तिने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं होतं. ते जळलं असतं तर दुसरं येणार नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाकीचे भाग जमवून समर्थ स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर बांधणार होता.

चंदू मराठीच, पण कॅम्पच्या सिंधी बाजारात वाढल्यामुळे येईल त्याला साईं म्हणायचा.

"बोलो साईं, क्या बनाना है?"

समर्थने तोंड उघडलं नाही. खिशातून घडी केलेली यादी काढून काउंटरवर सरकवली आणि जिथे स्पेलिंगची खात्री नव्हती तिथे अंगठा ठेवला.

चंदूने आधी रॅम काढून दिली. कमळाकरदादांनी ती तळहातावर घेतली.

"यो काय?"

"मेमरी है दादा. रॅम."

"याच्यान कायच नाय. सुकट याच्याहून भारी लागते."

"बाबा, ती हलकीच असते," समर्थ त्यांच्या कानाशी पुटपुटला.

मग कॅबिनेट आलं. दादांनी ते माठ घेताना वाजवतात तसं बोटाने वाजवून घेतलं आणि मान डोलावली. फाइली साठवायची डिस्क आली, ती बिस्किटाच्या पुड्यापेक्षा बारीक. "रिकामी हाय. दुसरी दाखव," दादा म्हणाले. समर्थच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चंदूचे डोळे मात्र चमकले. हे गिऱ्हाईक कसं आहे ते त्याला कळलं होतं. यादीत साडेचारशेचा पॉवर सप्लाय लिहिला होता, कार्डाच्या खोक्यावर तेवढाच मागितला होता. चंदूने तो काढला आणि सोबत मलाही काढलं.

"दादा, आप खुद देखो. हा साडेचारशे, हा साडेसातशे. भाव तोच."

दादांनी एका हातावर त्या साडेचारशेवाल्या शेजाऱ्याला घेतलं, दुसऱ्यावर मला. डोळे मिटले. मी पोट आत ओढलं, जमेल तेवढं.

"यो एक किलो सहाशे. आनि यो एक किलो नऊशे."

चंदूने आम्हाला शेजारच्या फरसाणवाल्याच्या काट्यावर नेलं. आकडे जसेच्या तसे. फरसाणवाला म्हणाला, "दादा, तुम्ही इथेच बसा. मी काटा विकून टाकतो." सगळे हसले. मीही फुगलो. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

हसत नव्हता तो फक्त समर्थ. त्याने मला उचललं आणि स्टिकरवरचे बारीक आकडे वाचायला लागला. बारा व्होल्टच्या पुढे बावीस अँपिअर. बोटावर गुणाकार केला, दोनशे चौसष्ट. बाकीचं चिल्लर धरूनही साडेतीनशेच्या वर जाईना. मग साडेसातशे आले कुठून? त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याची नजर त्या एकट्या पी-वर पडली.

शाळेत एकदा त्याचा निबंध सरांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवला होता, चुकांसाठी. वर्ग पोट धरून हसला होता. तेव्हापासून कुठेही छापलेलं आणि त्याच्या मनातलं जुळलं नाही की तो स्वतःलाच चूक ठरवायचा. त्याने तोंड मिटलं.

"काय र, काय बोलाचा हाय काय?" दादांनी विचारलं.

"नाय बाबा. काही नाही."

मला पिशवीत घालत असताना फळीवरचा शेजारी हळूच म्हणाला, "पोराने तुला वाचलंय." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

परत येताना समर्थ स्कूटर चालवत होता आणि मी दादांच्या मांडीवर होतो. ते मला दोन्ही हातांनी धरून होते. रस्त्यातल्या खड्ड्यांचं मी काय वर्णन करू, तुम्ही त्याच रस्त्याने येता-जाता. तिसऱ्या खड्ड्याला माझ्या पोटातला गोंद चरचरला. सातव्या खड्ड्याला सुटला. पुढे घर येईपर्यंत बर्फी आत खुळखुळत होती. दादा म्हणाले, "भरीव माल हाय, आवाज बघ." समर्थने स्कूटरचा वेग कमी केला.

घरी चटई अंथरून त्याने सगळे भाग मांडले. त्याची बोटं बोलकी आहेत, ती कुठे अडखळत नाहीत. संध्याकाळी प्राची आली तेव्हा सगळं जोडून तयार होतं, मला तेवढं आधी चालवून बघायला कॅबिनेटबाहेर चटईवर ठेवलं होतं. तिने येताना पेढ्यांचा बॉक्स आणला होता. साड्यांमधून कार्ड काढून तिने त्याच्या हातात दिलं.

"लाव ना रे. बघू तरी माझा बोनस कसा चमकतो."

समर्थने कार्ड बसवलं. माझी वायर त्याच्या हातात होती. एक कबूल करतो, मला त्या क्षणी कार्डाची काळजी नव्हती. जन्मल्यापासून मी विजेचा थेंब चाखला नव्हता. ती कशी लागते ते एकदा बघायचं होतं, मग भडका उडाला तरी चालेल, असं वाटत होतं. प्लग बोर्डाजवळ गेला.

आणि थांबला.

"ताई, सप्लायमध्ये पी किती?"

"कसला पी?"

"स्पेलिंगमध्ये."

"दोन. का रे?"

समर्थने प्लग खाली ठेवला. "मग याच्यावर एकच का आहे?"

दादा वैतागले. "एक अक्षर कमी पडला तर वीज कमी येनार काय?"

"बाबा, मी दुकानातच बघितलं होतं," समर्थ म्हणाला. इतकं सलग तो त्यांच्याशी बहुतेक पहिल्यांदाच बोलत होता. "आकडेपण जुळत नव्हते. मला वाटलं मीच चुकतोय."

"वजन हाय ना पन!" दादांनी मला उचलून हलवलं. मी खडखडलो. तिघेही एकमेकांकडे बघायला लागले.

समर्थने स्क्रूड्रायव्हर घेतला.

"सील फोडलास तर चंदू परत घेनार नाय," दादा म्हणाले.

"नको घेऊ दे. ताईचं कार्ड एकच आहे."

चार स्क्रू निघाले. झाकण उघडलं आणि माझ्या पोटातली बर्फी चटईवर येऊन पडली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी वेळ ती. आत किती थोडं सामान आहे, हे तिघांनी वाकून वाकून बघितलं.

दादांनी वडी उचलली. सवयीने डोळे मिटले. "सहाशे."

प्राचीला हसू आवरेना. "बाबा, हात अगदी बरोबर आहे हो तुमचा!"

दादा हसले नाहीत. त्यांनी वडी चटईवर ठेवली. "वजन बरोबर सांगितला," ते म्हणाले. "कशाचा वजन, ता इचारलाच नाय मी." मग समर्थकडे वळले. "तुला कळला होता, मंग गप का ऱ्हायलास?"

समर्थ चटईवरचे स्क्रू गोळा करायला लागला.

"उद्या चंदूकडं तूच जा. मी येनार नाय." आणि पेढ्यांच्या बॉक्सकडे बोट करून म्हणाले, "चालू झाल्याबिगर याला कोनी हात लावाचा नाय."

इथे मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. माझी भावंडं पुष्कळ आहेत. सोनेरी आहेत, जड आहेत, फळीवर ऐटीत बसलेली आहेत. त्यांना हातात घ्या, पण वाचाही. सावकाश वाचा. काही जुळत नाही असं वाटलं तर तिथेच विचारा. दर वेळी तुम्हीच चुकत असता असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समर्थने पेढे स्टीलच्या डब्यात काढून ठेवले. रिकाम्या बॉक्समध्ये पांढरा कागद अंथरला, त्यात माझी बर्फी ठेवली आणि वरून दोरा बांधला. मला पिशवीत घेतलं आणि कॅम्प तीन गाठला.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. एकाच्या हातात तर माझाच भाऊ होता.

"अरे साईं! चालू झाला?" चंदूने बॉक्स बघून हात पुढे केला. "पेढे?"

"बर्फी आहे," समर्थ म्हणाला.

मिठाईचं नाव ऐकून फरसाणवालाही डोकावला. चंदूने दोरा सोडला, झाकण उघडलं, आणि उचलायला गेलेली बोटं तशीच राहिली.

"ही कसली बर्फी?"

"सिमेंटची." समर्थचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. त्याने मला उघड्या पोटाने काउंटरवर ठेवलं. "याच्या पोटातून निघाली. तुमच्याच दुकानातला आहे."

"सील टूटा है साईं, अब वापस तो..."

"सप्लायमध्ये दोन पी असतात, चंदूशेठ. मोजा."

चंदूने खरंच बोट ठेवून मोजलं. फरसाणवाल्याने बॉक्समध्ये बघून विचारलं, "चंदू, किलोने देतोस की नगाने?" ज्याच्या हातात माझा भाऊ होता, त्याने त्याला कानाशी नेऊन हलवलं आणि अलगद काउंटरवर ठेवलं. मग चंदूने माझ्या शेजाऱ्याला फळीवरून काढून समर्थला दिलं. मला उचलायला त्याने हात पुढे केला, तेव्हा समर्थने बर्फीच्या बॉक्ससकट मला आपल्याकडे ओढलं.

"हा परत फळीवर नको. हा माझ्याकडे राहील."

चंदूने जरा विचार केला आणि मान हलवली. गिऱ्हाइकं अजून बघत होती.

घरी आल्यावर समर्थने शेजाऱ्याला दादांपुढे धरलं. दादांनी त्याला हात लावला नाही. डोळेही मिटले नाहीत.

"काय लिवलाय त्याच्यावं, वाच," ते म्हणाले.

समर्थने वाचलं. मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. मग शेजाऱ्याला बसवलं, बटण दाबलं, कार्डाचा पंखा फिरला आणि दादांनी स्वतः पेढ्यांचा डबा उघडला. मी कोपऱ्यातून बघत होतो. वीज कशी लागते ते मला अजूनही माहीत नाही. शेजाऱ्याला विचारलं तर तो नेहमीसारखा मुकाट.

पेढा तोंडात ठेवूनच समर्थ माझ्याकडे आला. बर्फी माझ्या पोटात परत बसवली, चारही स्क्रू आवळले आणि मला सुकटीच्या डब्याच्या सैल झाकणावर नेऊन ठेवलं. मग प्राचीचं काळं मार्कर घेतलं, साडेसातशेवर आडवी रेघ मारून वर लिहिलं, एक किलो नऊशे, आणि राहिलेला पी आपल्या हाताने भरला.