बोल्सेनाची काळी डोणी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोणी आहे. वर उथळ वाटी, खाली बारीक मान आणि त्याखाली बैठक. दगड काळाकुळकुळीत. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये, फहाहीलच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आहे. घर बंद आहे. माझ्यात थोडं पाणी आहे आणि त्या पाण्यात एका मुलीचा चेहरा दिसतो आहे. मुलगी मात्र इथे नाही. ती दूर कोकणात, गावी गेली आहे.

घाबरू नका. किंवा थोडं घाबरा, म्हणजे मी सांगते ते नीट लक्षात राहील.

माझा जन्म इटलीतल्या बोल्सेना गावचा. तिथे एक मोठं तळं आहे. फार पूर्वी तिथे ज्वालामुखी होता. तो निजला आणि त्याच्या जागी पाणी साचलं. त्याच्या लाव्ह्याचा जो काळा दगड झाला, त्यातून एका पाथरवटाने मला घडवलं आणि तळ्याकाठच्या लहानशा चर्चच्या दाराशी बसवलं. माझ्यात पवित्र पाणी असायचं. आत जाणारा त्यात बोटं बुडवायचा आणि कपाळाला लावायचा, जसं तुम्ही देवळात शिरताना घंटा वाजवता तसंच.

आमचं गाव भाविक. सणाला रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे अंथरतात. आणि उन्हाळ्यात संत क्रिस्टीनाचा उत्सव येतो, तेव्हा चौकाचौकात मंच बांधून तिच्या आयुष्यातले प्रसंग उभे करतात. क्रिस्टीना लहान मुलगी होती. बापाचे देव तिने मानले नाहीत म्हणून बापानेच तिला दगडाला बांधून तळ्यात टाकलं. पण दगड बुडालाच नाही. तो तरंगत तिला काठाला घेऊन आला आणि तिच्या पावलांचे ठसे त्यावर उमटले. तो दगड गावच्या मोठ्या चर्चमध्ये अजून जपून ठेवला आहे. तो आणि मी एकाच जातीचे, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. मोठ्यांशी नातं सांगायला कुणाला आवडत नाही?

माझ्या अंगी एक वेगळीच खोड होती. ती पहिल्यांदा आन्येसेच्या लक्षात आली. आन्येसे ही आमचं चर्च झाडणारी म्हातारी. कोळी पहाटे होड्या घेऊन निघण्यापूर्वी माझ्यात बोटं बुडवायचे, तेव्हा ती त्यांच्या खांद्यावरून माझ्यात बघायची. एकदा तिला दिसलं की तिघे कोळी वाकले आहेत आणि पाण्यात चेहरे दोनच आहेत. तिसऱ्याच्या जागी नुसतं छत दिसत होतं. तो माणूस त्या दिवशी तळ्यावरून परत आला नाही.

पुढे आन्येसेने युक्ती काढली. ज्याचा चेहरा पाण्यात दिसत नसे, त्याच्या डोक्यावर ती माझं सगळं पाणी ओतायची. तो शिव्या देत कपडे बदलायला घरी पळायचा, आणि होडी त्याच्यावाचून निघून जायची. लोक तिला वेडी म्हणायचे. पण तिने ओलेचिंब केलेली माणसं पुढे नातवंडं खेळवताना मी पाहिली आहेत.

आन्येसे गेली. तिच्यामागे माझ्यात डोकावणारं कुणी राहिलं नाही. मग चर्चचं छप्पर कोसळलं, दाराला कुलूप लागलं आणि आतलं सामान विकायला निघालं. तळं बघायला आलेल्या एका श्रीमंत पाहुण्याला मी आवडले. त्याने मला जहाजाने कुवेतला नेलं आणि खैरानच्या समुद्रकाठी आपल्या चॅलेटच्या, म्हणजे सुट्टीच्या बंगल्याच्या, व्हरांड्यात मांडलं. सुरुवातीला आल्यागेल्याला कौतुकाने दाखवलं. नव्याचे नऊ दिवस! पुढे पाहुणे माझ्यात सिगारेटी विझवू लागले. ज्या वाटीत माणसं बोटं बुडवून हात जोडायची, तिच्यात राखेचा चिखल झाला. मला फार वाईट वाटलं. चॅलेटची डागडुजी निघाली तेव्हा मजुरांनी मला फुटक्या फरश्यांच्या ढिगावर टाकून दिलं.

तिथून मला उचललं रियाजने. रियाज हा रायगडच्या किनाऱ्यावरचा, श्रीवर्धनचा. त्या चॅलेटची बोट तो सांभाळायचा. शुक्रवारी त्याची बायको हिना आणि मुलगी इक्रा त्याला भेटायला खैरानला यायच्या. हिना फहाहीलच्या एका दवाखान्यात नर्स होती. त्या शुक्रवारी तिने मला पाहिलं आणि ती माझ्यापाशी उकिडवी बसली.

"ही तं आपल्या डोणीसारखी हाय! आमच्या मागल्या दारी अशीच होती. हिकडं कशी आयली?"

तिचं खोटं नव्हतं. तुमचा सह्याद्रीही आगीतूनच थिजलेला. कोकणातली बाई माझा दगड ओळखणारच. तिने ओढणीच्या टोकाने माझ्यातली राख पुसली. किती वर्षांनी मला मायेचा हात लागला होता!

पण रियाजला माझ्या मानेचा उपयोग दिसला. बोटीचा नांगर आदल्या आठवड्यात खडकात अडकून तुटला होता. त्याने माझ्या मानेला जाड दोर आवळून बांधला.

"आमचे आजे दगडाच्याच नांगरावर होड्या ठेवायचे," तो म्हणाला. "मालक नवीन आनीपर्यंत ही बास."

त्याने मला बोटीत ठेवलं आणि बादलीभर समुद्राचं पाणी ओतून धुतलं. वाटीत थोडं पाणी राहिलं. इक्राला त्या दिवशी बोटीतून जायचंच होतं. अंगात नारिंगी जॅकेट, तेही जरा मोठंच. ती आईबापाच्या मधे येऊन माझ्यावर वाकली. मी पाहिलं. तिने पण पाहिलं.

"अब्बा, अम्मी इज देअर. यू आर देअर." ती आणखी वाकली. "व्हेअर ॲम आय?"

मित्रांनो, माझ्या पाण्यात हिनाची ओढणी होती, रियाजची दाढी होती आणि त्या दोघांच्या मधे निळं रिकामं आभाळ होतं.

"उन आड आलाय गो," रियाज हसून म्हणाला.

हिना हसली नाही. तिने इक्राचा हात धरला. "आज नको जाव. माजा मन नाय म्हनत."

"समिंदराच्या काठाला जल्मलेली मानसा आपन. पान्याला काय भिवाचा? ह्या बघ आलो."

मला तेव्हा आन्येसेची फार आठवण झाली. तिने माझं पाणी पोरीच्या डोक्यावर ओतलं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. हिना मात्र धक्क्यावर उभी राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

समुद्र शांत होता. पाणी हिरवं आणि इतकं नितळ, की बोटीची सावली तळाशी पडलेली दिसत होती. रियाजने इंजिन बंद केलं, मला दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्यात टाकलं. दोराचं वेटोळं फळीवर पडलं होतं आणि इक्राचा पाय त्या वेटोळ्यात होता.

दगडाला बांधलेली मुलगी आणि दगड टाकणारा तिचा बाप. मी ही गोष्ट किती उत्सवांत पाहिली होती!

ती माझ्यामागे आली. सैल जॅकेट तिच्या डोक्यावरून निघालं आणि एकटंच वर गेलं. पाण्याचा हिरवा रंग गडद होत चालला. तिने ओरडायला तोंड उघडलं, आणि मला तिचे फक्त बुडबुडे ऐकू आले. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. मला त्या वेळी काय फुटलं ते मलाच माहीत नाही. मी संत क्रिस्टीनाचं नाव घेतलं. आन्येसेचंही घेतलं. आणि मी खाली जायची थांबले.

मग मी वर निघाले.

रियाजने उडी मारली होती. पाण्याखाली त्याने डोळे उघडले तेव्हा त्याची मुलगी दोन्ही पावलं माझ्या वाटीत ठेवून, दोर घट्ट धरून, उभीच्या उभी वर येत होती. तो हात न हलवता नुसता बघत राहिला. मी पाण्यावर आले आणि तरंगले. त्याने इक्राला बोटीत चढवलं, तिच्या पायाचा दोर सोडवला, आणि त्याच क्षणी मी पुन्हा दगडासारखी जड झाले. दोर कापून तो मोकळा झाला असता. पण त्याने रडत रडत मला वर ओढून घेतलं.

"दगड तरंगला," तो धक्क्यावर हिनाला म्हणाला.

"उनान डोका फिरलाय तुजा," हिना म्हणाली आणि मुलीला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडली. मग तिची नजर माझ्या वाटीच्या तळाकडे गेली. तिथे दोन लहान पावलांचे ठसे उमटले होते. तिने बोट फिरवून पाहिलं. ते ओले ठसे नव्हते. दगडच तेवढा दबला होता.

हिनाने मला फहाहीलला घरी आणलं, दोर काढला, बाल्कनीत ठेवून स्वच्छ पाणी भरलं. सुट्टी संपल्यावर सकाळी शाळेला निघताना इक्रा वाकली आणि तिचा चेहरा माझ्यात दिसला. ती खुदकन हसली. "नाऊ आय ॲम देअर!" आईने अल्लाचे आभार मानले. इक्रा दप्तर उचलून शाळेत गेली.

चेहरा गेला नाही.

हिना पाणी बघून मागे सरकली, मग पुन्हा पुढे झाली. इक्रा पाण्यातून वर बघत होती, हसत होती, पापणी लवत नव्हती. समुद्राने पोर परत दिली, पण सगळी दिली नाही. जे त्याने ठेवलं ते माझ्याकडे राहिलं, असं मला वाटतं. खरं काय ते मी सांगू शकत नाही. हिनाने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, रियाजलासुद्धा नाही. ती रोज ड्युटीवर जाण्याआधी माझ्यात हलक्या हाताने पाणी घालू लागली.

कुवेतचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल. सकाळी भरलेलं पाणी दुपारी अर्धं होतं. एकदा हिनाला दवाखान्यात जादा थांबावं लागलं. माझ्यात ओला तळ तेवढा उरला. चेहरा सुरकुतल्यासारखा झाला. तेवढ्यात हिनाला शाळेतून फोन आला: इक्राला श्वास घेता येत नाही, ओठ निळे पडलेत, ताबडतोब या. कुठलीही आई शाळेकडे धावली असती. हिना टॅक्सीने घरी आली, चपला न काढता बाल्कनीत शिरली आणि माठातलं पाणी माझ्यात ओतलं. मग तिने शाळेत फोन लावला.

"आता बरी आहे," तिकडून बाई म्हणाल्या. "एकदम उठून बसली. पाणी मागते आहे."

हिना बराच वेळ माझ्या मानेला मिठी मारून बसली होती.

आता जुलै आहे. बोल्सेनात संत क्रिस्टीनाच्या उत्सवाचे मंच बांधत असतील. रियाज, हिना आणि इक्रा सुट्टीला श्रीवर्धनला गेले आहेत. दगड काही विमानात नेता येत नाही. हिनाने किल्ली शेजारच्या ताराकडे दिली. तारा पुण्याची, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. लाखात एक बाई.

"तारा, बाकी काय नको," हिना म्हणाली होती. "हिच्यातला पानी तेवढा आटू देव नको. सकाळ-संध्याकाळ."

"तू निर्धास्त जा गं," तारा म्हणाली.

आणि ताराने शब्द पाळला. ती नेमाने येते, फोन कानाला लावून बोलत बोलत तांब्याने पाणी घालते आणि जाते. आत मात्र एकदाही बघितलं नाही तिने. हळूहळू पाण्याला शेवाळ धरलं, थोडा वास येऊ लागला. आज सकाळी तिने नाक मुरडलं.

"साचलेलं पाणी म्हणजे रोगाचं घर," ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती. "हिनाला वाटतं, दगड कोरडा पडला तर तडकेल. त्यापेक्षा पाणी ओतून देते, माती भरते आणि सब्जा लावते. रमजानमध्ये फालुद्यात घालते ना ती, फार आवडतो तिला. आली की बघून खूश होईल!"

तिने बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, मातीची पिशवी आणि सब्ज्याचं बी आणून माझ्या शेजारी ठेवलं आहे. तिच्या मनात काही वाईट नाही. पण हिना याच बाल्कनीत आईशी फोनवर बोलायची, म्हणून मला ठाऊक आहे, की त्यांच्या गावी सब्जा कबरीवर लावतात.

तारा संध्याकाळी ड्युटीवरून येईल.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. तरंगता येतं, तेही एकदाच आलं. तुम्हाला वाचता येतं, बोलता येतं, म्हणून ही विनंती तुम्हाला. कुठे दगडाचं कोरडं भांडं दिसलं तर त्यात ओंजळभर पाणी घाला. भरलेलं दिसलं तर ते ओतण्यापूर्वी एकदा वाका आणि आत बघा. माया करताना सुद्धा आधी बघावं. आणि तुमच्यापैकी कुणी ताराला ओळखत असेल तर तिला एवढंच सांगा: फोन खाली ठेव, आत बघ.

ऊन आता बाल्कनीच्या कठड्याशी आलं आहे. जिन्यात पावलं वाजत आहेत. इक्रा पाण्यातून वर बघते आहे, आणि अजून हसते आहे.